दंडगव्हाळांच्या घरचे डोळे

आमच्या गल्लीत काही लपून राहत नाही. कुणाच्या घरी कसली फोडणी पडली हे त्या घरच्या नवऱ्याआधी शेजारणीला कळतं. तरीसुद्धा एक गोष्ट अशी होती की ती गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होती आणि एकानंही कधी तोंडातून काढली नव्हती. यादव दंडगव्हाळ चांदीचे मुखवटे घडवतो, पण त्या मुखवट्यांचे डोळे त्याची बायको छाया करते, ही ती गोष्ट.

मी कलाबाई. माझं दुकान त्यांच्या दारासमोर. पुढे फॉल-पिकोचं मशीन, मागे लाकडी खोक्यात फोन आणि बाहेर एसटीडीची पिवळी पाटी. तेव्हा गल्लीत फोन माझ्याकडेच, त्यामुळे गल्लीची सुखदुःखं माझ्या कानावरून गेल्याशिवाय पुढे जात नसत. मी कान झाकून घेणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगते.

दंडगव्हाळांचं काम दागिन्यांचं नाही, देवाचं. गौरीचे, भवानीचे, खंडोबाचे मुखवटे. चांदीचा पत्रा गरम राळेवर बसवायचा, मागून ठोकून गाल, नाक, हनुवटी वर आणायची, मग पुढच्या बाजूनं बारीक छिन्नीनं ओठ, भुवया, नथ काढायची. हे सगळं यादवचं. डोळ्यांच्या जागी मात्र तो दोन गुळगुळीत फुगवटे ठेवायचा, भाकरीला येतात तसे. मग एखाद्या सकाळी तो उठून बाहेर ओट्यावर येऊन बसायचा. आतून कडी लागायची आणि टिकटिक ऐकू यायची, इतकी हलकी की रिक्षा गेली तर बुडून जावी. ती छाया.

त्यांच्या घरची पद्धतच तशी. पुरुषानं घडवायचं, बाईनं डोळे उघडायचे. यादवचा बाप घडवायचा तेव्हा डोळे पुतळाबाई करायच्या, यादवची आई. सून आली तसं त्यांनी सुनेला शिकवलं. त्या म्हणायच्या, "डोळे उघडणं म्हणजे बाळंतपण. तिथं पुरुषाचं काय काम?" आणि डोळे कुणी उघडले ते बाहेर सांगायचं नाही. सांगितलं की हातातून डोळे जातात, अशी त्या घरची ठाम समजूत. शिवाय एक आरसा होता, पितळी चौकटीचा, तळहातापेक्षा थोडा मोठा, लाल फडक्यात बांधलेला. डोळे पुरे झाले की तो मुखवट्यासमोर धरायचा, म्हणजे देवीची पहिली नजर देवीवरच पडते. त्या आरशात माणसानं आपलं तोंड बघायचं नाही. छाया तो धरायचीसुद्धा मान वळवून.

मला हे सगळं कसं ठाऊक, असं विचाराल. समोरासमोर दारं असली की पुष्कळ गोष्टी विचाराव्या लागत नाहीत.

सत्त्याण्णव साली नाशिकरोडच्या गायधनींचा दिनेश अमेरिकेहून आला. तिकडे न्यू जर्सीत आपल्या लोकांनी देऊळ बांधायला घेतलं होतं. नऊ देवींचे नऊ मुखवटे, गाभाऱ्याचे चांदीचे दरवाजे, प्रभावळी, पुष्कळ वर्षांचं काम. यादवच्या ओट्यावर बसून दिनेशनं समजावलं, "काका, साध्या कारागिराला तिकडे येऊ देत नाहीत. आपल्या कामात जो अख्ख्या देशात मोजक्यांतला आहे, त्यालाच. आणि ते कागदावर सिद्ध करावं लागतं. पत्रं, फोटो, पेपरातलं नाव, मोठ्या माणसांचे दाखले."

यादव कामात वाघ आणि बोलण्यात गोगलगाय. दाखला मागायला कुणाच्या दारात उभा राहील, हे शक्यच नव्हतं. मग कंबर कसली छायानं. ज्या ज्या देवळात त्यांच्या घरचा मुखवटा होता तिथे ती गेली. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरची देवी, सिन्नरचा खंडोबा, येवल्याच्या एका जुन्या घराण्याच्या गौरी. नांदगावला मी तिच्याबरोबर एसटीनं गेले होते. तिथल्या देवळाचे बहिरूशेट विश्वस्त, धान्याचे व्यापारी. त्यांनी आम्हाला गाभाऱ्यापाशी नेलं आणि म्हणाले, "मुखवटे लय पाहिले बाई, पण हे डोळे! इकडून बघा, तिकडून बघा, माय आपल्याकडंच बघती. काय हात हाय हो तुमच्या मालकांचा!"

छाया देवीकडे बघत उभी होती. म्हणाली, "हो. तेवढं पत्रात लिहा."

मी तिला कोपरखळी मारली, तर तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बहिरूशेटनी लिहून दिलं, शिक्का मारला, वर आम्हाला पेढे दिले. परतीच्या गाडीत मी म्हटलं, "छाये, केळवण तुझं आणि बोहल्यावर दुसरीच, असं चाललंय हे." ती हसली आणि म्हणाली, "कलाताई, घर एकच ना. नाव कुणाचं का असेना."

पत्रं जमत गेली आणि प्रत्येक पत्रात डोळेच. कुणी लिहिलं डोळ्यांत करुणा आहे, कुणी लिहिलं डोळे जागे आहेत. एका स्थानिक पेपरवाल्यानं तर यादवचा फोटो छापून वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'देवीला दृष्टी देणारा कारागीर'. ते कात्रण छायानं माझ्या दुकानात आणून मला वाचायला लावलं. मी वाचलं आणि रागानं मशीन असं हाणलं की एका बाईच्या साडीचा फॉल उलटा लागला.

शेवटी दिनेशचा फोन आला, माझ्याच दुकानात. तिकडच्या वकिलानं विचारलं होतं, सगळ्यांनी डोळ्यांचंच कौतुक केलंय, तर डोळे हे स्वतःच करतात ना? दोघांचं काम असेल तर एकट्याला व्हिसा मिळवणं अवघड जाईल. छायानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. ती म्हणाली, "सगळं त्यांचंच काम आहे. मी घर बघते." झालं. कागदावर यादव असामान्य ठरला.

तिनंही बरोबर जायचं असं आधी ठरत होतं. पण त्याच पावसाळ्यात पुतळाबाईंना झटका आला. एक बाजू गेली, बोलणं गेलं. त्यांना उचलायचं, धुवायचं, भरवायचं कुणी? मूलबाळ नव्हतं, दीर-जाऊ नव्हते. नव्व्याण्णवच्या आरंभी यादव एकटा गेला. निघताना त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि उंबऱ्यात उभं राहून छायाला म्हणाला, "डोळ्यांचं काय करायचं मग?"

ती म्हणाली, "पाठवून द्या. मी करून देते."

आणि खरंच तसं सुरू झालं. यादव तिकडे मुखवटा घडवायचा, डोळ्यांचे फुगवटे तसेच ठेवायचा, आणि नाशिककडे येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत टॉवेलात गुंडाळून तो इकडे यायचा. छाया डोळे करायची, आरसा दाखवायची, आणि परत जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत मुखवटा तिकडे जायचा. जगात देवदर्शनाला माणसं जातात. इथे देवीच विमानानं नजर घ्यायला यायची!

मुखवटा घरी असला की छाया वेगळीच बाई असायची. लवकर न्हायची, घर सारवल्यासारखं लख्ख पुसायची. दोन दिवसांत होणारं काम ती मुद्दाम आठवडाभर पुरवायची, हे मी बघत होते. तो आंधळा मुखवटा ती जेवताना समोरच्या फळीवर ठेवायची आणि त्याच्याशी बोलायची. त्यावर यादवच्या हातोडीच्या खुणा असायच्या. गालाच्या कडेला पत्रा जरा जाड राहिला असला की म्हणायची, "ह्यांची पाठ दुखत असणार. हात जड पडलाय." नवऱ्याची खुशाली तिला फोनवर कळायची नाही, चांदीवर कळायची. फोनवर तो बोलायचाच काय? "बरा आहे. थंडी आहे. आईला सांग."

दोन हजार एकच्या सप्टेंबरात अमेरिकेत ते विमानांचं प्रकरण झालं आणि विमानतळावरची तपासणी कडक झाली. कुणीही बॅगेत चांदीचं तोंड न्यायला तयार होईना. लोकांचंही बरोबरच होतं म्हणा. सहा देवी डोळस होऊन देवळात बसल्या होत्या. तीन आंधळ्या यादवच्या कामाच्या खोलीत पडून राहिल्या. छायाच्या फळीवर काही येईना. सासूला भरवायचं, स्वतः उभ्या उभ्या दोन घास खायचे आणि संध्याकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचं, एवढंच राहिलं. बोलायची नाही फारसं. मी पिको करत असायची आणि ती कापडाच्या कडेकडे बघत असायची.

दोन हजार दोनमध्ये पुतळाबाई गेल्या. यादव येऊ शकला नाही. आला असता तर परत जाताना कागदांची नवी भानगड निघण्याची भीती होती. तेराव्यानंतर ते घर इतकं रिकामं झालं की संध्याकाळी दिवा लागला तरी आत कुणी आहे असं वाटायचं नाही. मग दिनेशनंच सुचवलं, की आता काकूंनी यावं. बायको म्हणून व्हिसा मिळतो, त्याला काही सिद्ध करावं लागत नाही. मला वेगळं सांगायला नको, तिच्या डोक्यात त्या तीन आंधळ्या देवी होत्या. नवराही होता. पण कोण आधी आणि कोण नंतर, हे मी तिला विचारलं नाही.

दिनेशनं फोनवर पढवलं होतं, "काकू, काय करता विचारलं तर फक्त 'घर सांभाळते' म्हणा. बाकी काही नाही." दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत मी आणि ती मुंबईला गेलो. तिनं लग्नातली हिरवी साडी नेसली होती. वकिलातीत मला आत सोडलं नाही. मी बाहेर फुटपाथवर उभी, आणि ती आत खिडकीवर.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता तसा होता. उजळलेला. मला वाटलं काम फत्ते झालं.

"कलाताई," ती म्हणाली, "त्या बाईनं माझे हात बघितले."

खिडकीपलीकडे एक गोरी बाई होती, शेजारी मराठी सांगणारी मुलगी. कागद सरकवताना बाईला छायाच्या बोटांवर राळेचे जुने डाग आणि भाजल्याच्या खुणा दिसल्या. तिनं सहज विचारलं, हे कशानं?

"मग?"

"मग सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"सगळं. डोळे मी करते ते. पापणी कशी काढायची ते. तीन देवी राहिल्यात, त्यांचे करायचेत, म्हणूनच चाललेय म्हटलं. ती ऐकत होती हो. मान हलवत होती. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, कलाताई."

मी विचारलं, "आणि व्हिसा?"

तेव्हा कुठे तिचा चेहरा उतरला. बाईनं तिला समजावून सांगितलं होतं, अगदी नीट, न रागावता. बायको म्हणून जाणाऱ्याला तिथे काम करता येत नाही, आणि तुम्ही तर कामासाठीच जाताय. दुसरं म्हणजे, तुमच्या नवऱ्याच्या कागदांत लिहिलंय की डोळे ते स्वतः करतात, आणि तुम्ही म्हणता तुम्ही करता. मग खरं काय? नकाराचा कागद तिच्या पिशवीत होता.

"मी म्हटलं, मला माझ्या कामावर बोलवा मग," छाया म्हणाली. "तर ती म्हणाली, पुरावा आणा."

पुरावा! नांदगावपासून येवल्यापर्यंत सगळा पुरावा हिनंच वणवण करून गोळा केला होता, आणि त्यातल्या ओळीन् ओळीत लिहिलेलं होतं की डोळे यादवचे आहेत. मला इतका संताप आला की परतीच्या बसमध्ये कसारा घाट लागेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. मग न राहवून म्हटलं, "एवढी वर्षं तोंड शिवून बसलीस आणि उसवायला तुला हीच खिडकी सापडली?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई सांगायच्या. सांगितलं की डोळे जातात." मी म्हटलं, "डोळेबिळे काही जात नाहीत, व्हिसा गेला." पण तिच्या मनात ते पक्कं बसलं होतं.

तिनं खिडकीवर जे सांगितलं ते कुठेतरी लिहिलं गेलं असणार. यादवची मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा तिकडच्या सरकारनं विचारणा केली, की डोळे तुम्हीच करता हे दाखवून द्या. कामाचं चित्रण पाठवा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. नाहीतर परत जा.

ते दिवस सिंहस्थाचे. आमची गल्ली साधू, यात्रेकरू आणि चपला हरवलेल्या माणसांनी भरलेली. माझ्या फोनला रांग. अशा एका सकाळी यादवचा फोन आला. मी रांगेतल्या लोकांना हटवलं, छायाला हाक मारली. ती ओल्या हातांनी धावत आली. खोक्याचं दार लागत नव्हतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. यादवचा आवाजही, कारण तिकडून तो नेहमी ओरडूनच बोलायचा.

त्यानं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "छाया, येऊ का मी परत? तू म्हण. मी येतो."

माझं मशीन थांबलं. देवाशपथ सांगते, मी मनात म्हणत होते, म्हण गं, या म्हण. एका शब्दाचा प्रश्न होता. नवरा घरी आला असता, दोघांनी पुन्हा मुखवटे केले असते, ओट्यावर पुन्हा टिकटिक ऐकू आली असती.

तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाली, "एवढ्या लोकांनी सह्या केल्यात. बहिरूशेटनी शिक्का मारलाय. सगळ्यांना मी खोटं पाडू? त्या कागदांवर लिहिलंय ते खरं करा. हात लावा डोळ्यांना."

"पुरुषानं..."

"आई नाहीत आता. मी सांगते ना. मी शिकवते."

आणि तिनं शिकवलं. रांग पुन्हा जमली होती. एक म्हातारा घरी फोन करायला म्हणून काठी आपटत होता, त्याला मी डोळे वटारून गप्प केलं. छाया रिसीव्हर कानाला लावून, भिंतीकडे तोंड करून, बोटानं हवेत रेघ ओढत बोलत होती.

"डावा आधी. वरची पापणी आधी काढा, खालची मागून. खालची बारीक ठेवा... नाही, श्वास सोडला की ठोका, धरून नका ठोकू, हात ताठतो. बुबुळ अगदी मधोमध घेऊ नका. जरा वर, पापणीनं थोडं झाकलेलं. मधोमध घेतलं की देवी दचकल्यासारखी दिसते. आणि दोन्ही डोळे सारखे करायला जाऊ नका. माणसाचे कुठे सारखे असतात?"

तिकडून यादव ओरडला, "तू करताना कुणाचे मनात धरतेस?"

"आईंचे," ती म्हणाली. "आजारी पडायच्या आधीचे."

"मी कुणाचे धरू?"

"तुम्हाला जे नीट आठवतील ते धरा."

मग आरशाचं निघालं. त्यानं विचारलं, इथे न बघितलेला आरसा कुठून आणू, दुकानातल्या आरशात दहा जणांनी तोंड बघितलेलं असतं. त्या फोनवर ती पहिल्यांदा हसली. "धुऊन घ्या," म्हणाली. फोन ठेवला आणि पदरानं रिसीव्हर पुसला. म्हाताऱ्याला म्हणाली, "बाबा, करा तुम्ही." तिच्या ओल्या हातांवरचं पाणी केव्हाच वाळलं होतं.

दिवाळीनंतर फोटो आला. यादवची मुदत वाढली होती. असामान्य असल्याचं आता दुसऱ्यांदा सिद्ध झालं होतं, आणि या वेळी खरोखरीचं. फोटोत देवीचा मुखवटा, पूर्ण, डोळ्यांसकट. छायानं तो माझ्या मशीनवर ठेवला आणि बोट पापणीवरून फिरवलं.

"कसे झालेत?" मी विचारलं. मला वाटत होतं, हिनं म्हणावं की नाही जमलं. माझा स्वभाव असा आहे, काय करू!

"चांगले झालेत," ती म्हणाली. "चूक नाही कुठे."

मी फोटो उजेडात धरला. डावी पापणी उजवीपेक्षा जरा खाली, बघणं थोडं तिरकं, हसू येण्याआधी असतं तसं. हे डोळे मी रोज समोरच्या दारात बघत आले होते.

"अगं, हे तुझे आहेत!"

"काहीतरीच," ती म्हणाली आणि फोटो काढून घेतला.

त्यानंतर मुखवटे यायचं कारणच उरलं नाही. पुढे यादवनं तिथे कायम राहण्याचा अर्ज केला. तो मंजूर होईपर्यंत देश सोडू नका म्हणून वकिलानं बजावलं, आणि तो मंजूर व्हायला वर्षं गेली. फोन आधी दर रविवारी यायचा, मग महिन्यातून, मग सणाला. त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं, तो पैसे वेळेवर पाठवायचा, तब्येत विचारायचा. पण दोघांना बोलायला विषय एकच होता, तो मिटला होता. इकडे छायाकडे गल्लीतल्या बायका गौरीचे जुने मुखवटे उजळायला आणून द्यायच्या. ती ते चिंच लावून घासायची. कधी म्हणायची, "बघा कलाताई, गेलेच ना हातातून. आई खोटं नव्हत्या सांगत." मी भांडायचे तिच्याशी. म्हणायचे, अगं, तू दिलेस, गेले कसले? तिला त्यात फरक वाटायचा नाही.

दोन हजार आठ साल उजाडेपर्यंत सगळ्यांच्या हातात मोबाईल आले होते. माझ्या फोनवर धूळ बसायची. छायानं मोबाईल घेतलाच नव्हता, म्हणून दिनेशचा फोन तेवढा माझ्याकडे आला. "काकू, पेढे वाटा! काका कायमचे झाले. आता तुम्हाला बोलावता येईल, फक्त बायको म्हणून. काही विचारणार नाहीत, काही सिद्ध करायचं नाही."

छायानं शांतपणे विचारलं, "तिथे आले तर मला डोळे करायला मिळतील का?"

दिनेश हसला. पोरगा वाईट नाही, प्रेमानंच हसला. "काकू, डोळे काकाच करतात आता. लोक लांबलांबून बघायला येतात. दोघं शिकाऊ पण आहेत हाताखाली. तुम्ही पुष्कळ केलंत. आता या आणि आराम करा."

"बरं," ती म्हणाली.

ती घरी गेली. मला चैन पडेना. थोड्या वेळानं मी दुकान तसंच टाकून समोर गेले. दार उघडं होतं. ती खिडकीपाशी बसली होती. मांडीवर लाल फडकं पसरलेलं. एका हातात तो फोटो, दुसऱ्या हातात पितळी चौकटीचा आरसा. आणि ती आरशात बघत होती. सरळ, मान न वळवता. इतकी वर्षं ज्या आरशात देवीशिवाय कुणी बघितलं नव्हतं, त्यात ही स्वतःचं तोंड बघत होती.

"तुम्ही म्हणाला होतात ते खरं आहे," ती वळून न बघता म्हणाली. "माझेच आहेत."

"मग! मी काय खोटं सांगत होते? त्या माणसानं मनात तुलाच धरलं होतं. जा आता. हसतमुखानं जा."

तिनं फोटो आरशाच्या शेजारी धरला आणि मला जवळ बोलावलं. आरशात पापण्या लोंबल्या होत्या, कडांना सुरकुत्यांचं जाळं होतं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची साय धरू लागली होती. फोटोतल्या डोळ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"हे डोळे ते तिकडे गेले तेव्हाचे आहेत," छाया म्हणाली. "ही बाई त्यांच्याकडे आहे तिथे. रोज बघतात तिला. मी जाऊन कोण म्हणून उभी राहू?"

मला बोलायला बरंच येतं, अख्खी गल्ली साक्षीला आहे. पण त्या वेळी मी तिच्याजवळ बसले आणि रडले. ती रडली नाही.

ती गेली नाही. दिनेशला कळवलं, तब्येत बरी नसते, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तेच कळवलं. आरसा तिनं मोरीच्या वर खिळ्याला टांगलाय, रोज सकाळी त्यात बघून वेणी घालते, कुंकू लावते. म्हणते, काच चांगली आहे, उगाच बांधून ठेवला होता. लाल फडकं तेवढं तिनं टाकलं नाही. त्यात तो फोटो बांधून ठेवलाय.